पुढच्या ब्रेकचे भय

पुण्याहून साताऱ्याकडे किंवा मिरजेहून पंढरपूरकडे सकाळच्या तिरप्या उन्हात सावकाश जात असता डांबरावर एका टायरच्या रुंदीची एखादी काळी रेघ दृष्टीस पडते. ती प्रथम काही अंतर सरळ जाते, मग एका बाजूस झुकू लागते, आणि जेथे तुटते तेथून पुढे धातूचे ओरखडे व काचेचा चुरा पसरलेला असतो. पंचनाम्यात त्या रेघेची लांबी नोंदली जाते, पंचांच्या सह्या होतात आणि कागद फाइलीत जातो. परंतु पंचनाम्यात न उतरणारी एक कैफियत त्या रेघेत असते. ज्या मनुष्याने ती रस्त्यावर ओढली, त्याने थांबण्यासाठी आपले सारे बळ वेचलेले असते. त्याचा उजवा पाय पेडलवर संपूर्ण भाराने उभा असतो, मागचे चाक बांधून टाकल्यासारखे जागच्या जागी थिजलेले असते, आणि गाडी मात्र त्या थिजलेल्या चाकाला फरफटत पुढे जातच राहिलेली असते. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांपासून चार अंगुळांवर दुसरा एक ब्रेक असतो, आणि गाडी थांबविण्याचे खरे सामर्थ्य त्यात असते. पण बहुधा तो त्या क्षणी दाबलाच गेलेला नसतो, किंवा दाबला गेला असेल तर भीत भीत.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातील मोटारसायकलींच्या 900 अपघातांचा जागेवर जाऊन कसून अभ्यास केला आणि त्याचा अहवाल 1981 साली प्रसिद्ध झाला. पुढील काळात मोटारसायकलीच्या सुरक्षिततेविषयी जे जे लिहिले गेले, त्यातील बऱ्याच लेखनाचा पाया या अहवालात आहे. अपघात टाळण्यासाठी चालकाच्या हाती सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी अवधी असतो, आणि त्या अवधीत बहुसंख्य चालक मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवितात व पुढचा ब्रेक गरजेपेक्षा फार कमी दाबतात, असे त्यात नमूद आहे. देश वेगळा, रस्ते वेगळे, गाड्याही आपल्यापेक्षा मोठ्या. तरी मनुष्याचा पाय आणि मनुष्याचे भय दोन्हीकडे सारखेच निघाले. आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली, आणि त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीवर होती. ब्रेक नीट दाबला असता तर ही सारीच वाचली असती, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्यांतली काही निश्चित वाचली असती, आणि त्या काहींसाठी हा लेख आहे.

पुढच्या ब्रेकचे भय आपल्या मनात कोठून आले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि त्याचे मूळ सायकलीत आहे असे मला वाटते. माझ्या पिढीतील बहुतेकांनी तासाच्या भाड्याने आणलेल्या, आपल्या उंचीपेक्षा मोठ्या सायकलीवर आधी नळीखालून पाय घालून आणि मग सीटवर चढून तोल सांभाळण्याचे शिक्षण घेतले, आणि त्या पहिल्याच दिवशी मागून सायकल धरून धावणाऱ्या थोरल्या भावाने किंवा काकांनी ताकीद दिली, की पुढचा ब्रेक दाबू नकोस, कोलांटी खाशील. सायकलीपुरती ती ताकीद रास्त होती. सायकल हलकी असते, तिच्या दोन चाकांमधील अंतर कमी असते, आणि सायकलीचे व स्वाराचे मिळून जे वजन होते त्याचा फार मोठा भाग वर, सीटवर बसलेल्या देहात असतो. त्यामुळे पुढचे चाक अकस्मात अडले म्हणजे तो देह हँडलवरून पुढे फेकला जातो. पण पुढे त्याच मुलाने मोटारसायकल घेतली तेव्हा ती जुनी ताकीद त्याने तशीच्या तशी नव्या वाहनावर नेली, आणि आपल्या मुलालाही तीच दिली. मोटारसायकलीचे इंजिन खाली बसविलेले असते, चाकांमधील अंतर अधिक असते, वजनाचा मध्य सायकलीच्या मानाने पुष्कळ खाली असतो. आपल्याकडे रोजच्या वापरात असलेली साधारण मोटारसायकल कोरड्या सपाट रस्त्यावर पुढच्या ब्रेकने उलटी होण्याच्या आधी तिचा टायर घसरेल, इतकी तिची घडण त्या बाबतीत निर्धास्त आहे.

ब्रेक गाडी थांबवितो हे अर्धेच खरे आहे. ब्रेक केवळ चाकाला थांबवितो. गाडीला थांबविते ती टायर आणि रस्ता यांच्यामधील पकड, आणि ही पकड तळहाताएवढ्या जागेत असते, कारण टायरचा तेवढाच भाग कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो. त्या तळहातावर जितका भार अधिक तितकी पकड अधिक. गाडी एका गतीने चालली असता भार पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मा निम्मा असतो. ब्रेक लागताच हा भार पुढे सरकतो, एस.टी.च्या चालकाने ब्रेक दाबला म्हणजे उभे असलेले उतारू पुढे झुकतात, तद्वतच गाडीचे सारे वजन पुढे झुकते. चांगल्या जोरकस ब्रेकच्या वेळी एकंदर भाराचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा पुढच्या चाकावर गेलेला असतो आणि मागच्या चाकाखाली फक्त चतुर्थांश उरतो. असे चाक थोड्याशा दाबानेच थिजते व घसरू लागते. म्हणजे केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणारा मनुष्य ज्या चाकाची पकड क्षणाक्षणाला घटत आहे त्याच्याकडे साहाय्य मागत असतो, आणि जे चाक त्याच क्षणी अधिकाधिक समर्थ होत आहे त्याला मोकळे फिरू देत असतो.

तरीही या भयात सत्याचा अंश मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढचे चाक थिजले तर गाडी जवळजवळ तत्क्षणी खाली जाते, आणि ते थिजण्याची ठिकाणे आपल्या रस्त्यांवर विपुल आहेत. वळणाच्या आतल्या अंगाला साचलेली कच, डागडुजीनंतर पसरून राहिलेली खडी, पांढऱ्या पट्ट्यांचा ओला रंग, डिझेलचा सांडलेला थर, साखर कारखान्याच्या वाटेवर ट्रॉलीतून पडून चिरडलेला ऊस, शेतातून डांबरावर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा चिखल, कोकणातील आतल्या रस्त्यांवर झाडांच्या सावलीत धरलेले शेवाळ: अशा जागी पुढचा ब्रेक हिसक्याने दाबणे म्हणजे पडणेच होय. आणि वळणात झुकलेल्या गाडीची गोष्ट निराळीच आहे. टायरजवळ पकडीची जी शिल्लक असते ती एकच. वळण्यासाठीही तीतूनच खर्च व्हावयाचा आणि थांबण्यासाठीही. गाडी वळणात पुरती झुकली असता बहुतेक शिल्लक वळण्यातच खर्ची पडलेली असते, आणि तशात करकचून ब्रेक दाबला तर तिजोरी एकदम रिकामी होते. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वी, गाडी उभी व सरळ असताना. आणि वळणात थांबणे प्राप्तच झाले तर प्रथम गाडी जमेल तितकी सरळ उभी करावयाची व मग ब्रेकचा जोर वाढवावयाचा.

ब्रेक दाबावा कसा, यावर माझा अधिक भर आहे, कारण किती दाबावा हे या प्रश्नातच येऊन जाते. आपल्या भाषेत ब्रेक 'मारला' असे आपण म्हणतो, आणि माझ्या मते या क्रियापदाने आपले फार नुकसान केले आहे. ब्रेक मारावयाचा नसतो, आवळावयाचा असतो. गाईची धार काढणारा मनुष्य जशी मूठ एकदम न आवळता बोटामागून बोट वळवीत नेतो, आणि तरीही त्या आवळण्यात पुरता जोर असतो, तशी पुढच्या ब्रेकवरील मूठ वळत गेली पाहिजे. पहिल्या हलक्या दाबाने भार पुढे सरकू लागतो, पुढचे शॉकॲब्सॉर्बर खाली बसतात, टायर रस्त्यावर दाबला जातो. आणि मगच, म्हणजे क्षणाच्या एका अंशानंतर, त्या टायरमध्ये खरा जोर सोसण्याची ऐपत आलेली असते. ती येण्याच्या आधी संपूर्ण जोर दिला की चाक थिजते; आल्यावरही जोर दिला नाही तर अंतर वाया जाते. ही सारी क्रिया एका सेकंदाच्या आत उरकते, म्हणून ती त्या वेळी विचार करून साधत नाही. हाताला ती आधीच अवगत असावी लागते. मागचा ब्रेक त्याच वेळी दाबावयाचा, पण मऊ पायाने, आणि गाडी पुढे झुकत जाईल तसा त्यावरचा दाब किंचित सैल करीत. पुढचे चाक घसरत आहे असे जाणवले तर मूठ तत्काळ सैल करून पुन्हा आवळावी. मागचे चाक थिजले आणि गाडी अजून सरळ आहे, तर तोही ब्रेक सोडून पुन्हा लावता येतो. पण मागचा भाग पुरता आडवा झाला असेल तर तो अकस्मात सोडू नये, कारण पकड एकदम परत येऊन गाडी झटक्याने सरळ होते आणि स्वाराला वरून फेकून देते.

क्लचविषयीही एक सवय मोडावी लागेल. ब्रेकचा विचार मनात येताच डावी मूठ आधी क्लच ओढते आणि इंजिन चाकापासून सुटे होते; इंजिन स्वतः जो अटकाव करीत असते तो त्यामुळे नाहीसा होतो, आणि गाडी ब्रेक लागण्याच्या आधी क्षणभर मोकळी धावते. रोजच्या रहदारीत क्लच शेवटी, गाडी थांबण्याच्या बेतात आली म्हणजे ओढावा.

आता थोडे अंकगणित. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसणे, तो मनाला पटणे आणि बोटे ब्रेकवर पोहोचणे यांत सावध मनुष्याचाही सुमारे एक सेकंद जातो, म्हणजे 17 मीटर ब्रेक न लागताच संपतात. पुढे कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक चांगले लावले तर आणखी सुमारे 23 मीटरांत गाडी उभी राहते. एकंदर 40 मीटर झाले. हाच मनुष्य केवळ मागच्या ब्रेकवर राहिला तर त्या 23 मीटरांचे 46 होतात. आता दुसरा एक मनुष्य ताशी 80 किलोमीटर वेगाने त्याच जागी आला, त्याने तितक्याच चपळाईने आणि तितक्याच कौशल्याने दोन्ही ब्रेक लावले असे धरू. पहिला मनुष्य जेथे उभा राहिला त्या 40 मीटरांच्या खुणेवर दुसऱ्याचा वेग किती उरलेला असेल? माझ्या परिचितांपैकी ज्या ज्या कोणाला मी हे विचारले, त्यांनी वीस, पंचवीस, फार तर तीस असा अदमास सांगितला. उत्तर आहे साठ. वेग एक तृतीयांशाने वाढला, आणि जेथे एकाने पाय जमिनीला टेकविले तेथे दुसरा ताशी 60 किलोमीटर वेगाने आदळला. हे गणित मी स्वतः कागदावर तीनदा मांडून पाहिले, आणि त्या दिवसापासून माझा मोकळ्या रस्त्यावरील वेग कमी झाला.

घाटाचे शास्त्र मात्र स्वतंत्र आहे, आणि सह्याद्रीच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला त्याची उपेक्षा करून चालणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव असल्यामुळे मोटारसायकलस्वाराला जुन्या रस्त्याने बोरघाट उतरावा लागतो. 1830 साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत जो गाडीरस्ता खुला झाला, त्याचाच हा वारसा. त्याच घाटात रेल्वेचा जो शिरस्ता आहे तो मला फार अनुकरणीय वाटतो: घाट उतरण्यापूर्वी आगगाडीच्या ब्रेकची खातरजमा केली जाते, आणि एखादी गाडी आवाक्याबाहेर गेलीच तर तिला चढावर नेऊन थोपविणारे कॅच सायडिंगचे रूळ घाटात घातलेले आहेत. मोटारसायकलस्वारासाठी असे रूळ कोणी घातलेले नाहीत. त्याने घाटमाथ्यावर गाडी उभी करून दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहावेत एवढे तरी त्याच्या हाती आहे.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारे दोघांचे बिऱ्हाड घ्या. गाडी व माणसे मिळून वजन 280 किलो, आणि उतार सुमारे बाराशे मीटरांचा. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा निघते ती कोठे तरी जिरावी लागते, आणि ती सारी ब्रेकनेच जिरवावयाची म्हटले तर ब्रेकमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेने बंबातील दहा लिटर गार पाणी उकळीला येईल. ही उष्णता ड्रमच्या त्या लहानशा डब्यात, लायनरच्या दोन चंद्रकोरींवर कोंडली जाते. लायनर तापले की त्यांचे घर्षण कमी होते, ड्रम प्रसरण पावून त्यांच्यापासून दूर सरकतो, आणि पेडल पूर्ववत दाबले तरी ब्रेक पूर्ववत लागत नाही. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते, पण तिचे ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात पाणी मुरलेले असेल तर ते तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर हाताला स्पंजासारखा लागतो. यावर उपाय जुन्या ट्रकचालकांना ठाऊक असलेलाच आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनला अटकाव करू द्या, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता वळणाआधी जोराने लावून सोडा, म्हणजे मधल्या सरळ टप्प्यात त्याला वारा लागेल.

याच्या नेमके उलट वर्तन आपल्या घाटांत नित्य दिसते. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, कित्येकदा किल्ली फिरवून इंजिन बंद करून, माणसे घाट उतरतात. इंजिनचा अटकाव गेला म्हणजे सारा भार ब्रेकवर आला. आणि किल्ली चुकून पुढे फिरून हँडल लॉक झाले तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. एवढे करून बचत काय? 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 च्या नियमांनंतर बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल इंजेक्टरने सोडले जाते. अशी गाडी गिअरमध्ये उतरत असता ॲक्सिलरेटर पूर्ण मिटला की इंजेक्टर पेट्रोल थांबवितो, कारण तेव्हा इंजिनला चाकच फिरवीत असते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते पेट्रोल जळतच राहते.

पावसाबद्दल थोडेच सांगतो. मुसळधार पडलेल्या पावसापेक्षा पहिल्या सरीचा पहिला अर्धा तास अधिक भयंकर असतो, कारण उन्हाळाभर रस्त्यावर ठिबकलेले तेल आणि बसलेली धूळ तोपर्यंत वाहून गेलेली नसते, तिचा निसरडा लेप झालेला असतो. ज्याला त्या वेळी आडोशाला थांबता येईल त्याने थांबावे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून थोडे अंतर जावे, म्हणजे लायनर सुकतात.

चाक थिजू न देण्याची युक्ती यंत्राकडे सोपविण्याचा प्रयत्न फार जुना आहे. विमानांसाठी डनलॉपने केलेली मॅक्सरेट नावाची यांत्रिक योजना 1958 साली इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने रॉयल एन्फील्ड कंपनीच्या सुपर मिटिअर मोटारसायकलवर चढवून तिची परीक्षा केली होती; आपल्याकडे बुलेट ज्या घराण्याची, त्याच घराण्याची ही गाडी. निष्पत्ती आशादायक असूनही ती योजना बाजारात आली नाही, आणि विद्युत् नियंत्रणाची एबीएस प्रणाली मोटारसायकलवर येण्यास 1988 साल उजाडले. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने ती आपल्या के 100 या गाडीवर दिली. आपल्या देशात 1 एप्रिल 2019 पासून 125 घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक नव्या दुचाकीवर एबीएस आणि त्याहून लहान दुचाकींवर निदान सीबीएस बंधनकारक झाले. या दोन नावांचा घोळ दुकानातही होतो, म्हणून त्यांचा भेद सांगणे अवश्य आहे. सीबीएस म्हणजे एकच पेडल किंवा एकच लिव्हर दाबला असता दोन्ही चाकांना ब्रेक लागणे. चाक थिजू न देण्याची कसलीही व्यवस्था त्यात नसते. एबीएसमध्ये चाकाजवळच्या दातेरी कड्यावरून त्याचा वेग सतत मोजला जातो, आणि चाक थिजण्याच्या बेतात येताच ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा कमीजास्त केला जातो. लिव्हरमध्ये जी थरथर जाणवते ती याचीच. ती जाणवताच कित्येकजण घाबरून मूठ सोडतात. ती सोडू नये. आणखी एक गोष्ट अशी, की पुष्कळ गाड्यांना एबीएस केवळ पुढच्या चाकास असतो, आणि तोही गाडी सरळ असताना जितका उपकारक तितका खोल वळणात नसतो. सुट्या खडीवर तर त्याने थांबण्याचे अंतर वाढूही शकते. तरीही ज्याला परवडेल त्याने एबीएस असलेलीच गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढच्या ब्रेकच्या भयातील जो खरा अंश होता तो या यंत्राने बऱ्याच अंशी काढून टाकला आहे.

गाडीची देखभाल हा विषय लांबविता येईल, पण दोन बाबतींत मला विशेष कळकळ आहे. पहिली टायरची. गोटा झालेला टायर आणखी एक पावसाळा काढील या हिशेबाने माणसे राहतात. ब्रेकवर कितीही खर्च केला तरी तो शेवटी त्या गुळगुळीत रबराच्या तळहातावरच उभा असतो. दुसरी बाब गाडी धुण्याची. धुतल्यानंतर ती चमकावी म्हणून तिच्यावर डिझेलचा किंवा तेलाचा फवारा मारण्याची पद्धत आहे, आणि हौसेने टायरलाही पॉलिश चोपडले जाते. डिस्कवर, ड्रमच्या फटीत किंवा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर असे तेल गेले तर त्या दिवशीचा पहिलाच ब्रेक घात करू शकतो. समोर उभे राहून ते मारू न देणे हाच उपाय. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, ड्रम ब्रेकचा लिव्हर एक ते दोन सेंटिमीटर मोकळा ठेवून केबल जुळवून घ्यावी, आणि पॅड झिजून लोखंड घासल्याचा आवाज येईपर्यंत वाट पाहू नये.

हेल्मेटविषयी कायद्याचे कलम सर्वांना माहीत आहे; मी इतकेच म्हणेन, की त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर डोके आदळण्याच्या आधीच ते निघून जाते.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने नोकरीच्या पहिल्या पगारातून हप्त्यावर मोटारसायकल घेतली, तेव्हा पेढे देण्यास आलेल्या त्या मुलाला मी रविवारी पहाटे बाजार समितीच्या रिकाम्या आवारात नेले. फक्कीची एक रेघ ओढली, आणि ताशी 40 किलोमीटर वेगाने येऊन त्या रेघेवर ब्रेक लावावयाचा, असे त्याला सांगितले. पहिल्या खेपेस त्याला केवळ मागचा ब्रेक लावण्यास सांगितले. काँक्रीटवर ती काळी रेघ उमटली आणि मी पंचवीस पावले मोजली. मग पुढचा ब्रेक. त्याची बोटे लिव्हरवर होती, पण दाबत नव्हती. दोन खेपा तो रेघ ओलांडून पुष्कळ पुढे गेला. "मामा, मी दाबला होता," असे तो म्हणाला, आणि त्याला तसे खरेच वाटत होते. "दाबलास," मी म्हणालो, "पण गाडी थांबावी अशी तुझ्या बोटांची इच्छा नव्हती." आम्ही वेग वीसवर आणला, मूठ वळण्याचे तंत्र उभ्या गाडीवर करून पाहिले, मग पुन्हा तीस, पुन्हा चाळीस. बारा-तेरा खेपांनंतर तो दोन्ही ब्रेकवर पंधरा पावलांत थांबू लागला, आणि रस्त्यावर कोणतीही खूण उमटत नव्हती. ऊन वर आले, हमाल येऊ लागले, आणि आम्ही थांबलो.

पुढच्या रविवारी तो न बोलावता आला. मागे माझी बहीण बसली होती. ती रोज सकाळी त्याच्याच गाडीवरून शाळेत शिकवावयास जाते. "आई मागे असताना किती पावलं लागतात, ते मोजून ठेवायचंय," असे तो म्हणाला. बहिणीने पदर खोचला, हेल्मेटचा पट्टा बांधला, एक हात मागच्या दांडीवर आणि एक त्याच्या खांद्यावर ठेवला. पहिल्या खेपेस वीस पावले झाली. मी तो आकडा खडूने गोदामाच्या भिंतीवर लिहिला, आणि भाचा गाडी वळवून पुन्हा आवाराच्या टोकाकडे निघाला.